यंत्राला सांगायचं कोणी, आणि काय?

मैत्रिणींनो,

आपल्या सल्ला केंद्रातल्या आणि एकल स्त्रियांच्या गटांतल्या अनुभवांचं पुस्तक काढायचं, असं मागच्या वार्षिक बैठकीत ठरलं. मुलाखती झाल्या, टिपणांच्या थप्प्या लागल्या. प्रत्यक्ष लिहायची वेळ आली तेव्हा बऱ्याचजणींनी मोबाइलवरच्या एआयची मदत घेतली. दिवसभर गृहभेटी, पोलीस चौकी आणि कोर्ट करून रात्री लिहायला बसणाऱ्या कार्यकर्तीने अशी मदत घेतली, तर त्यात गैर काय?

पण पहिली तीन प्रकरणं एकत्र वाचली आणि आम्ही थांबलो. एका बाईने सांगितलं होतं, "त्यानं काढलं न्हाई मला, म्या निघाले." यंत्राने लिहिलेल्या मसुद्यात होतं, "तिला घर सोडावे लागले." वाक्य शुद्ध होतं, पण त्यातून बाईचा निर्णय नाहीसा झाला होता. जिने पंधरा वर्षांनी उंबरा ओलांडला, ती आपल्याच पुस्तकात बिचारी ठरली!

दोष एकट्या यंत्राचा नव्हता. आपण त्याला सांगितलं काय होतं? 'हे नीट करून दे.' नीट म्हणजे काय, कोणाच्या दृष्टीने नीट, हे सांगितलंच नव्हतं. शिवाय प्रत्येकीने वेगळं सांगितलं, ते आपापल्या मोबाइलमध्येच राहिलं, आणि कोणतं वाक्य कोणाचं हे कुणालाच सांगता येईना.

म्हणून आम्ही सूचनांची एक वही केली. यंत्राला दिलेली प्रत्येक सूचना, म्हणजे ज्याला प्रॉम्प्ट म्हणतात ती, त्यात उतरवायची. तारीख, प्रकरण, कोणी दिली, काय मागितलं, काय आलं, त्यातलं काय ठेवलं आणि काय टाकलं, का टाकलं. वहीचे चार भाग आहेत: प्रकरणांचा आराखडा, भाषा, कायदा, आणि राहून गेलेले प्रश्न. सर्वांत आधी एक पान सगळ्यांसाठी समान आहे. पुस्तक कोणासाठी आहे, 'अबला', 'बिचारी' असे शब्द का नकोत, आणि अवतरणातलं बाईचं बोलणं जसंच्या तसं राहील, हे त्यात लिहिलं आहे. प्रत्येक सूचनेआधी ते पान द्यायचं.

कायद्याच्या भागाने तर डोळे उघडले. २०२४ च्या ऑगस्टमधल्या छळाच्या घटनेला यंत्राने ४९८अ कलम लावलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि त्या तारखेनंतरच्या घटनेला कलम ८५ लागतं. आता सूचनेत घटनेची तारीख घालतो, आणि तरीही आलेलं उत्तर वकील मैत्रिणीला दाखवल्याशिवाय छापायला देत नाही.

सर्वांत महत्त्वाचं पान मात्र 'काय सांगायचं नाही' याचं आहे. नाव, गाव, केस नंबर, मुलांची शाळा यातलं काहीही यंत्राला द्यायचं नाही. आपण लिहिलेलं कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर जातं. बाईने विश्वासाने सांगितलं ते आपल्याला, कंपनीला नव्हे. नुसतं नाव बदलूनही भागत नाही. गावात एकच अंगणवाडी सेविका असेल, तर 'अंगणवाडी सेविका' म्हणताच ती ओळखू येते. बलात्काराच्या प्रकरणात बाईची ओळख पटेल असा मजकूर छापणं हा संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाही आहे. पण कायद्याआधी प्रश्न आपल्या शब्दाचा आहे.

आणखी एक प्रश्न संघटनेच्या आतला आहे. इंग्रजी आणि मोबाइल सफाईने वापरणाऱ्या दोघी-तिघींच्या हाती सगळ्या सूचना राहिल्या, तर पुस्तक त्यांचं होतं. तीस वर्षं वस्तीत काम केलेली, पण लिहिण्याची सवय नसलेली बाई फक्त 'माहिती देणारी' उरते. ज्ञान कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न आपण आजवर इतरांना विचारला. आता तो स्वतःला विचारायची पाळी आली आहे. म्हणून दर पंधरा दिवसांनी वही मोठ्याने वाचली जाते. "असं इचारा की तिला, मग पोटाला काय केलंस?" ही सूचना अशाच बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्तीकडून आली. तो प्रश्न यंत्राने सुचवलेल्या यादीत नव्हता. त्यातून 'कमाई' हे अख्खं प्रकरण उभं राहिलं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत त्या दोघी हिंडल्या, समोर बसून ऐकलं, तेव्हा तो इतिहास हाती लागला. यंत्र टिपणं लावून देईल, पुनरुक्ती दाखवेल, राहिलेला दुवा सुचवेल. दाराशी जाऊन बसणं मात्र आपल्यालाच करावं लागेल.

छापण्याआधी प्रत्येक प्रकरण सांगणाऱ्या बाईला वाचून दाखवायचं, आणि ती 'नको' म्हणाली तर ते काढायचं, असं ठरलं आहे. यंत्राची मदत कुठे घेतली हेही प्रस्तावनेत मोकळेपणी लिहू. वेळ जास्त लागतो आहे, हे खरं. 'म्या निघाले' हे वाक्य मात्र पुस्तकात परत आलं आहे.

तुमच्या गटात असं लेखन चालू असेल, तर तुम्ही काय नियम केलेत, कुठे ठेच लागली, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू.

– संपादक मंडळासाठी