सिफची राखण

शत्रू पडला म्हणजे खेळणाऱ्यास आनंद व्हावा, हीच सर्व खेळांची रीत. परंतु २०११ साली निघालेल्या ‘डार्क सोल्स’ या जपानी व्हिडिओ खेळात एक शत्रू असा आहे की, त्याला जिंकूनही मन खिन्न होते. सिफ हा तो प्रचंड करडा लांडगा. आर्टोरियस नावाच्या दिवंगत वीराच्या समाधीवर तो पहारा करतो आणि तलवार तोंडात धरून झुंजतो. घायाळ झाला की लंगडू लागतो, वार करताना कोलमडतो. पण जागा सोडीत नाही.

या मुक्या जनावराला मारणे अधर्म होय, असे काही खेळाडू म्हणतात. त्याच्यापाशी असलेल्या अंगठीवाचून पुढचा मार्गच खुंटतो, असे दुसरे बजावतात. दोघांचेही खरेच. २०१२ साली आलेल्या पुरवणीने तर हा पेच अधिकच बिकट केला. तीत भूतकाळात जाऊन लहानग्या सिफला संकटातून सोडविता येते. मग समाधीपाशी तो आपल्या उपकारकर्त्यास हुंगतो, ओळखतो, विव्हळतो आणि तरीही तलवार उचलतो!

पडद्यावरील चित्रासाठी कसले अश्रू ढाळता, अशी थट्टा पुष्कळ वडीलधारे करतात. ती अनाठायी आहे. कादंबरीतील मृत्यूने डोळे पाणावले तर कोणी हसत नाही. येथे तर वार खेळणाऱ्याच्याच हातून झालेला असतो. सिफला जिवंत सोडून अंगठी मिळविण्याची सोय कर्त्यांनी ठेवली असती, तर हा वाद इतकी वर्षे टिकलाच नसता.