बाईचा निर्णय, इतरांचा हिशेब

नाशिकजवळच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत साठच्या दशकात कारखाने उभे राहू लागले, तेव्हा कामगार म्हणजे पुरुष हे गृहीतच होते. आज तिथल्या लहानमोठ्या कारखान्यांत पॅकिंगला, असेंब्लीला, मालाच्या तपासणीला बाया आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जणी कंत्राटदाराकडून आलेल्या. त्यांच्यापैकी एखादीला दिवस गेले, तर तिच्यासाठी कायदा आहे का? आहे, आणि एक नव्हे, अनेक आहेत. पण ते लिहिताना डोळ्यांसमोर कोण होते, हे समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणारे विधेयक आले. खर्चाचा बोजा आपल्यावर का, असे मालकांचे म्हणणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. म्हणून हा भार खरे तर सरकारने उचलायला हवा. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्याला अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली कायदा झाला. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि २०१७ साली मिळालेली २६ आठवड्यांची पगारी रजा या वाटेवरचे पुढचे टप्पे आहेत.

मूल झाल्यावर बाईला काय मिळावे, यावर विधिमंडळ बोलू शकत होते. मूल हवे की नको, हा प्रश्न आला की तेच सभागृह बिथरत असे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते आंबेडकरच. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या साधनांसाठी सरकारने सोय करावी, असा ठराव मुंबई विधानसभेत आला. आमदार पी. जे. रोहम यांनी तिथे केलेले भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलाला कोणी राजी झाला नसता, असे त्यात ठणकावले होते. नको असलेले गरोदरपण टाळण्याची पूर्ण मोकळीक बाईला हवी, ही त्यातली मागणी. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. महाराष्ट्राच्या इतिहासात या मतदानाची नोंद फार कमी घेतली जाते, याचे मला मनापासून दुःख आहे.

त्यानंतर बाईच्या गर्भाशयाविषयी राज्य खूप बोलले, पण तिच्या मोकळिकीसाठी नव्हे, लोकसंख्येसाठी. १९७६ साली आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा होता होता राहिले.

१९७१ च्या गर्भपात कायद्याचाही पाया वेगळाच आहे. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींतून तो आला आणि चोरूनमारून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या असंख्य बायांना त्याने वाचवले. हे ऋण मोठे आहे. तरीही त्याचे मुख्य कलम सांगते ते एवढेच, की नोंदणीकृत डॉक्टर अमुक अटी पाळून गर्भपात करील तर तो गुन्हेगार ठरणार नाही. निर्णय डॉक्टरच्या मताचा. बाईची फक्त संमती. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहितांनाही धरले, पण डॉक्टरच्या मताची अट तशीच आहे. सज्ञान बाईची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही लागत नाही, हे १९७१ पासूनच कायद्यात आहे. तरी अनेक दवाखान्यांत पहिला प्रश्न असतो, ‘मिस्टर आलेत का?’

सातपूरच्या कंत्राटी कामगार बाईला यात आणखी एक मोजमाप पार करावे लागते. कामगार राज्य विम्याचा (ईएसआय) बाळंतपणाचा लाभ मिळायला आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचे अंशदान जमा लागते. विमा क्रमांक एकच असतो, त्यामुळे कंत्राटदार बदलला तरी कागदावर अडचण नाही. पण त्याने हजेरी कमी दाखवली किंवा हप्ताच भरला नाही, तर ते तिला कळते पोट दिसू लागल्यावर. गरोदर बाईला काढून टाकायला कायद्याने बंदी आहे. मात्र ‘उद्यापासून येऊ नको’ हे कुठे लिहून दिले जात नाही. तिचे नाव पुढच्या महिन्याच्या यादीत नसते, बस.

आणि दोन मुले असतील तर पुढच्या बाळंतपणाला २६ ऐवजी १२ आठवडे. महाराष्ट्रात तर १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुले झाली, तर नगरसेवकपदाची निवडणूकही लढवता येत नाही. किती मुले व्हावीत हे ज्या घरात सासू नि नवरा ठरवतात, तिथली शिक्षा बाईने भोगायची. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचाच भाग आहे, असे म्हटले. त्या न्यायाने महाराष्ट्राने ही अपात्रता रद्द करावी. कंत्राटी बाईच्या अंशदानाची नोंद दर महिन्याला तिच्या मोबाईलवर, मराठीत आणि हिंदीत, पोहोचवावी आणि हप्ता चुकला तर मूळ कारखान्याला प्रत्यक्षातही जबाबदार धरावे. गर्भपात कायद्यात सुरुवातीच्या आठवड्यांपुरता तरी डॉक्टरच्या मताच्या जागी बाईचा शब्द लिहावा. १९३८ साली अकरा जणांनी ज्यासाठी हात वर केले, त्याला आज विधिमंडळात किती मते पडतील, हे एकदा मतदान घेऊनच पाहू.