पॉइंटांआधी संरक्षण पाहा

सेनगावच्या शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्ड परिचयाचे आहे. वेळेत फेडले तर 4 टक्के व्याजाचे पीककर्ज. खरेदीच्या क्रेडिट कार्डाचा हिशेब वेगळा. शंभर रुपयांमागे जेमतेम रुपया-दोन रुपयांचे पॉइंट. बिल थकले की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज. ‘किमान रक्कम’ भरली तरी ते चालूच राहते.

मोलाचे आहे ते संरक्षण. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसलेला गैरव्यवहार बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर भुर्दंड ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान मात्र त्याचेच.

बँकांनी कार्ड देतानाच हे नियम आणि तक्रारीचा क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत द्यावा. ग्राहकानेही तो मागून घ्यावा.