लाल जर्सीचा नियम

अमेरिकन फुटबॉलच्या सराव शिबिरात ऑगस्टच्या उन्हात प्रत्येक क्लबाचे नव्वद खेळाडू मैदानावर उतरतात. त्यांतल्या तिघा-चौघांची जर्सी बाकीच्यांहून वेगळ्या रंगाची असते, बहुतेक ठिकाणी लाल. ती क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणाऱ्या खेळाडूची. लाल जर्सीला पाडायचे नाही, हा शिबिराचा पहिला नियम. सव्वाशे-दीडशे किलोचा बचावपटू अडवणाऱ्यांची फळी फोडून पूर्ण ताकदीने आत घुसतो, क्वार्टरबॅक हाताच्या अंतरावर येतो, आणि तिथे तो पाय रोवून थांबतो किंवा बाजूने निघून जातो. त्याच्या अंगात त्या वेळी राग नसतो असे नाही. ऊन तेच, थकवा तोच, काम जाण्याची भीतीही तीच. तरी हात आवरतो, कारण न आवरल्यास काय होईल याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते.

त्याच मैदानावर आणि त्याच सत्रात मात्र दोन लाइनमन, म्हणजे समोरासमोरच्या फळ्यांतले खेळाडू, एकमेकांची हेल्मेटे ओढतात, ठोसे मारतात, दहा-वीस जण धावून येतात आणि माणसांचा ढीग होतो. दरवर्षी, जवळपास प्रत्येक शिबिरात हे घडते. संध्याकाळी प्रशिक्षक सांगतात की उन्हाचे दिवस आहेत, मुले जिद्दीने खेळताहेत, भाऊभाऊही भांडतातच. आमचे म्हणणे असे, की जो नियम लाल जर्सीसाठी पाळता येतो तो बाकीच्या सगळ्यांसाठीही पाळता येतो. तो पाळला जात नाही, कारण पाळायला कोणी सांगितलेलेच नाही.

या भांडणांमागची माणसे आम्हाला परकी वाटत नाहीत. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये बत्तीस क्लब आहेत. नव्वद जणांतून ऑगस्टच्या अखेरीस त्रेपन्न ठेवायचे, म्हणजे एकेका क्लबातून सदतीस आणि सगळ्या लीगमधून सुमारे ११८० खेळाडू एकाच वेळी यादीबाहेर जातात. काहींना सरावापुरत्या संघात जागा मिळते, बाकीचे घरी जातात. तीन-चार आठवडे रोज त्याच माणसासमोर उभे राहायचे आणि रोज त्याच्यावर मात करायची, कारण दोघांत जागा कदाचित एकच आहे. शिट्टी झाल्यावरही समोरच्याने जर्सी धरून ठेवली, पडल्यावर एक धक्का जास्त दिला, आणि कालही त्याने तेच केले होते. डोके फिरायला आणखी काय लागते? हा राग आम्ही समजू शकतो. पण राग समजणे वेगळे आणि ठोशाला मुभा देणे वेगळे. मुभा खेळाडू घेत नाही, ती वरून मिळते.

ठोशाने काय होते ते पाहण्यासाठी २००३ सालच्या ऑगस्टकडे जावे लागेल. ओकलंड रेडर्सचा सराव चालू होता. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला बचावफळीतला लाइनबॅकर बिल रोमनोव्स्की आणि संघात जागा मिळवू पाहणारा आक्रमणातला तरुण टाइट एंड मार्कस विल्यम्स एका डावानंतर भिडले. रोमनोव्स्कीने त्याचे हेल्मेट ओढून काढले आणि उघड्या तोंडावर ठोसा मारला. विल्यम्सच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. या लीगमधली त्याची कारकीर्द तिथेच संपली. २००५ मध्ये ओकलंडच्या ज्यूरीने त्याला ३ लाख ४० हजार डॉलरची भरपाई दिली. ज्या दिवशी हात उगारला गेला त्या दिवशी दोघांच्या अंगावर एकाच संघाची जर्सी होती, एवढे लक्षात ठेवावे.

अशी उदाहरणे सांगितली की लगेच दुसऱ्या बाजूने कॅम न्यूटन आणि जॉश नॉर्मन यांची नावे येतात. १० ऑगस्ट २०१५ रोजी कॅरोलायना पँथर्सच्या शिबिरात नॉर्मनने न्यूटनने फेकलेला चेंडू मध्येच पकडला, त्याला अडवायला न्यूटन स्वतः धावला आणि दोघे जमिनीवर एकमेकांना भिडले. त्या हंगामात पँथर्सने सोळापैकी पंधरा सामने जिंकले, ते सुपर बोलपर्यंत पोहोचले आणि न्यूटन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हापासून ही झटापट संघ एकवटल्याची खूण म्हणून सांगितली जाते.

ती सांगणाऱ्यांनी पुढची तारीखही सांगावी. ११ ऑगस्ट २०१५, म्हणजे बरोबर दुसऱ्या दिवशी, न्यूयॉर्क जेट्सच्या लॉकर रूममध्ये लाइनबॅकर आय. के. एनेमकपालीने आपल्याच क्वार्टरबॅकच्या, जीनो स्मिथच्या, तोंडावर ठोसा मारला आणि त्याचा जबडा मोडला. वाद होता विमान तिकिटाच्या ६०० डॉलरचा. हंगाम सुरू होण्याआधीच स्मिथ बाहेर गेला, त्याची जागा रायन फिट्झपॅट्रिकने घेतली आणि त्या हंगामात स्मिथला ती परत मिळाली नाही. पुन्हा एखाद्या संघाचा पहिला क्वार्टरबॅक म्हणून हंगाम सुरू करायला त्याला २०२२ उजाडावे लागले, तेही सिएटलमध्ये. खेळाडूच्या तरुणपणातली सात वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दोन्ही घटनांत हात उचलला गेला होता. एका ठिकाणी हाड वाचले आणि दुसऱ्या ठिकाणी मोडले, एवढाच फरक. या फरकाला नशीब म्हणतात. त्यावर संघबांधणीचा सिद्धांत उभा करू नये.

शिक्षा केली तर संघ खचतो, खेळाडूंची धार जाते, असेही एक भय प्रशिक्षकांच्या मनात असते. त्याचे उत्तर पँथर्सनीच आधी देऊन ठेवले होते. २००८ च्या शिबिरात त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू, वाइड रिसीव्हर स्टीव्ह स्मिथ याने सहकारी केन लुकसला मारून त्याचे नाक मोडले. क्लबाने त्याला त्याच दिवशी घरी पाठवले आणि हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांतून बाहेर ठेवले. पँथर्सनी त्याच्याशिवाय ते दोन्ही सामने जिंकले आणि हंगाम १२ विजय व ४ पराभव असा संपवला. स्मिथ परतला, लुकसची माफी मागून परतला, आणि त्या वर्षी उत्तम खेळला. याच स्मिथने २००२ मध्येही एका सहकाऱ्याला अशीच मारहाण केली होती. पहिल्या वेळचा धडा पुरेसा कडक असता, तर लुकसचे नाक कदाचित शाबूत राहिले असते.

सगळ्यांना एकाच काठीने हाकणे हाही उपाय नव्हे. २०२१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या सरावात मोठी हाणामारी झाली आणि क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स त्या ढिगाच्या तळाशी सापडला. प्रशिक्षक जो जज यांनी अख्ख्या संघाला मैदानभर पळवले आणि जोर काढायला लावले. त्यांचा संताप खरा होता. पण ज्याने ठोसा मारला आणि जो सोडवायला गेला, त्या दोघांनाही तेवढेच धावावे लागले, तर शिकवण कोणाला मिळाली? शिक्षा त्या हाताचीच व्हायला हवी.

इथे लीगची जबाबदारी येते. भर सामन्यात ठोसा मारणाऱ्याला मैदानाबाहेर जावे लागते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी क्लीव्हलंडच्या माइल्स गॅरेटने पिट्सबर्गच्या मेसन रुडॉल्फला त्याचेच हेल्मेट काढून डोक्यात मारले, तेव्हा लीगने गॅरेटवर बेमुदत बंदी घातली आणि तो हंगामातले उरलेले सहाही सामने खेळू शकला नाही. २५ ऑगस्ट २०२२ रोजी सिनसिनाटीत रॅम्स आणि बेंगल्स यांच्या संयुक्त सरावात रॅम्सच्या ॲरन डोनल्डने दोन हेल्मेटे हातात घेऊन ती माणसांच्या गर्दीत फिरवली. लीगने त्याच्यावर काहीच कारवाई केली नाही, कारण सरावातली शिस्त हा क्लबाचा प्रश्न मानला जातो. हेल्मेट तेच आणि डोकीही माणसांचीच. फक्त तो दिवस सामन्याचा नव्हता.

२०२४ मध्ये लीग एक पाऊल पुढे आली. जायंट्स आणि लायन्स यांच्या संयुक्त सरावातल्या हाणामाऱ्यांबद्दल दोन्ही क्लबांना प्रत्येकी दोन लाख डॉलरचा दंड झाला. ते योग्यच झाले. पण त्यातून आजची स्थिती अशी झाली आहे की दोन क्लबांचे खेळाडू भांडले तर लीग जागी होते, आणि एकाच क्लबातल्या एकाने दुसऱ्याचा जबडा फोडला तर तो त्यांच्या घरातला मामला ठरतो. ज्याच्याशी वर्षभर एका खोलीत कपडे बदलायचे, त्याच्या हातून मार खाणाऱ्याला संरक्षण कमी का असावे?

सरावाचे मैदान क्लबाचे, तिथे लीगने कशाला शिरावे, हा युक्तिवाद आता टिकणारा नाही. लीग तिथे केव्हाच शिरली आहे. दिवसातून दोनदा पॅड घालून अंगावर जाण्याचा सराव क्लबांचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारात बंद झाला. २०२० च्या करारात शिबिरातली पॅडची सत्रे सोळावर आणली गेली. दोन खेळाडूंना अरुंद जागेत एकमेकांवर सोडणारा ओक्लाहोमा ड्रिल २०१९ मध्ये हद्दपार झाला. २०२२ मध्ये लाइनमन, टाइट एंड आणि लाइनबॅकर यांना शिबिरात हेल्मेटवर जाड मऊ टोपी चढवणे सक्तीचे झाले. सराव किती करायचा, कोणत्या कपड्यांत करायचा, कोणता प्रकार करायचा नाही, हे सगळे वरून ठरते. डोक्याला बसणाऱ्या धडका मोजणाऱ्या लीगला त्याच डोक्यावर बसणारा ठोसा तेवढा दिसू नये, हे पटत नाही.

सध्याच्या सैल व्यवस्थेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे. नामांकित खेळाडूने हात उचलला तर त्याची ती जिद्द ठरते. यादीत पंच्याऐंशीव्या जागेवर असलेल्याने उचलला तर ती बेशिस्त. आणि मार खाणारा पंच्याऐंशीवा असेल, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. परत मारावे तर काम जाण्याचा धोका, न मारावे तर भित्रा म्हणून शिक्का. बोट सुजलेल्या किंवा डोळा मिटलेल्या खेळाडूला पुढच्या सामन्यात चमक दाखवता येत नाही, आणि त्याला मिळणारी संधी तीन सराव-सामन्यांपुरतीच असते. एनेमकपालीला जेट्सनी त्याच दिवशी काढले हे बरोबरच केले, पण चोवीस तासांच्या आसपास बफेलो बिल्सनी त्याला आपल्याकडे घेतले. सहकाऱ्याचा जबडा मोडण्याची किंमत एका दिवसाइतकी स्वस्त झाली, तर उद्याचा एनेमकपाली हात आवरेल कशासाठी?

तालमीत डाव घोटवायला दुसऱ्याचे अंग लागते, हे मराठी वाचकाला माहीत आहे. जो आपल्याला आपले अंग वापरू देतो, त्याच्या अंगाची राखण आपल्याकडे असते. सराव या शब्दातच हा विश्वास आहे. समोरचा पूर्ण जोर लावेल, पण मला मोडणार नाही, अशी खात्री असेल तरच मीही पूर्ण जोर लावीन. ठोशांनी सराव कडक होत नाही. ती खात्री गेली की माणूस अर्धे लक्ष स्वतःला वाचवण्यात घालतो, आणि सराव ढिला पडतो.

म्हणून मागणी साधी आहे. सरावात ठोसा मारणारा किंवा हेल्मेट उगारणारा खेळाडू त्या दिवशी मैदानाबाहेर जावा, मग त्याचा करार कितीही कोटींचा असो. सामन्यातल्या दंडाचे कोष्टक सरावालाही लागू व्हावे, आणि ते क्लबाच्या मर्जीवर न सोडता लीगने चालवावे, नव्या क्लबात गेल्यावरही शिक्षा त्या खेळाडूबरोबर जावी. सहकाऱ्याच्या माराने जखमी झालेल्याचा पगार आणि संघातली जागा तो बरा होईपर्यंत सुरक्षित राहावी. खेळाडूंच्या संघटनेने ही शेवटची मागणी स्वतः लावून धरायला हवी, कारण मार खाणाराही तिचाच सभासद आहे. मालक आणि संघटना यांच्यातला करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे, पण तोवर थांबायचे कारण नाही. ओक्लाहोमा ड्रिल बंद करायला नव्या कराराची वाट पाहिली गेली नव्हती.

१ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा वायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर शिबिरातल्या उष्माघाताने गेला, तेव्हा कुठे शिबिरातल्या उन्हाकडे सगळ्यांनी गंभीरपणे पाहिले. हाणामारीच्या बाबतीत तशा एखाद्या तारखेची वाट पाहू नये. मार्कस विल्यम्सचा डोळा ही पुरेशी सूचना होती.

येत्या जुलैअखेर शिबिरे पुन्हा सुरू होतील. पहिल्या सकाळी प्रत्येक प्रशिक्षक नव्वद जणांना सांगेल की लाल जर्सीला हात लावायचा नाही, आणि नव्वदही जण ते ऐकतील. त्याच दमात त्याने आणखी एक वाक्य बोलावे: पाडायला बाकीचे सगळे मोकळे, ठोसा मात्र कोणालाच नाही. तेही ते ऐकतील.