न बोललेले दुखणे

धारच्या एका मातेचे पत्र आमच्यापुढे आहे. तिचा वीस वर्षांचा मुलगा इंदूरला वसतिगृहात राहून शिकतो. दिवाळीत तो घरी आला तेव्हा सकाळी त्याचे हात कापत. कुठूनशी दारू पोटात गेली की कंप थांबे. एके रात्री स्वयंपाकघरात येऊन तो आपणहून म्हणाला, “आई, मला हे सोडायचे आहे. पण तिथे नेऊन माझे काय करतील?” मातेला उत्तर ठाऊक नव्हते. वडिलांना अजून सांगितलेले नाही. आपले नाव छापू नये, अशी तिची विनंती आहे.

माळव्याला नशा नवी नाही. येथील अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात असे. लपविणेही नवे नाही. एके काळी क्षय असाच लपविला जाई. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने ग्रासलेल्या स्थितीत देवासला आले. औषध, शुश्रूषा आणि कित्येक वर्षांचे मौन ह्यांतून ते सावरले आणि १९५३ साली पुन्हा मैफलीत गायले. त्यांना “मन खंबीर कर आणि खोकणे सोड” असे सांगणे कोणाला सुचले असते काय? व्यसनाधीन मुलाला मात्र आपण नेमके हेच सांगतो.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे. प्रथम डॉक्टर विचारतात : काय घेतोस, किती, केव्हापासून, झोप कशी आहे, मनात जीव देण्याचे विचार येतात काय? ही उलटतपासणी नव्हे. उपचार ह्या उत्तरांवरच ठरतात. हात कापू लागण्याइतकी सवय जडली असेल, तर दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, क्वचित जीवही जातो. म्हणून आरंभीचे काही दिवस वैद्यकीय देखरेखीखाली औषधे देऊन काढावे लागतात. त्यापुढचे काम अधिक लांबचे : समुपदेशन, समदुःखी लोकांच्या सभा, घरच्यांशी बोलणे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले, ते ह्याच वाटेने चालत आले आहे. तेथे रुग्णाइतकेच त्याच्या कुटुंबाकडेही लक्ष दिले जाते.

मुलाला दोन भये असतात. पहिले बोभाट्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व मादक द्रव्यांमुळे होणारे विकारही येतात. त्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. दुसरे पोलिसांचे. मादक द्रव्यांच्या सेवनाचा आरोप असलेला मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम १९८५ च्या कायद्यात आहे. उलट, जेथे साखळीने बांधतात किंवा मारतात, ते उपचारकेंद्र नव्हे. रुग्णाला साखळदंड घालण्यास कायद्याने मनाई आहे. मुलाला तेथे ठेवू नये.

मदतीचा आरंभ दूरध्वनीनेही होतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हे शासनाचे निःशुल्क क्रमांक आहेत. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवितो. बरा झालेला मुलगा पुन्हा एकदा घसरू शकतो. तेव्हा “गेले सगळे पाण्यात” असे म्हणू नये. दुखणे उलटले म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढीत नाही. पुन्हा वैद्याकडे नेतो.

त्या मातेस आमचे एवढेच सांगणे : बाई, तुमच्या मुलाने सर्वांत कठीण काम त्या रात्री स्वयंपाकघरात केले आहे. आता त्याच्या वडिलांना सांगा, आणि पुढच्या आठवड्याची वाट न पाहता तिघे मिळून डॉक्टरांकडे जा. लोक काय म्हणतील, हे मागाहून पाहता येईल.