डोळे झाकून पारख

धान्याचा व्यापारी पोत्यावरील छाप पाहून माल घेत नाही. दाणे तळहातावर घेऊन पारखतो. संगीतयंत्रांच्या शौकात मात्र पुष्कळदा छापच ऐकली जाते. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या, शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून नावाजलेल्या अनेक ध्वनिमुद्रिका तयार करताना २०११ पासून डिजिटल टप्पा वापरला जात होता, हे २०२२ साली उघड झाले. तोवर जाणकारांच्या कानांनाही ते उमगले नव्हते!

येथे सुरतेत एका दुकानदाराने मला स्पीकरची अतिमहाग तार दाखविली. मी म्हणालो, “डोळे झाकतो, साधी व ही, आलटूनपालटून लावा.” त्याने तार मुकाट्याने गुंडाळून ठेविली.

व्यापारीबंधूंनो, डोळे झाकताच जो गुण नाहीसा होतो, त्याचे दाम घेणे म्हणजे खोट्या मापाने विकणेच होय.