पाटी म्हणते ४०, रस्ता म्हणतो ८०

भंडारा शहराला वळसा घालणारा सहापदरी बायपास झाला आणि नागपूर-रायपूर दरम्यानची बहुतांश अवजड वाहतूक शहराबाहेर गेली. सुटका झाली, यात शंका नाही. पण ट्रक गेले तरी जुना महामार्ग तिथेच आहे आणि आता तो मोकळा आहे. मोकळा रस्ता वेग वाढवतो.

वाहनचालक वेग ठरवतो तो पाटी वाचून नव्हे, समोरचे दृश्य पाहून. लेन किती रुंद, कडेची झाडे-दुकाने किती दूर, पुढचे किती दिसते, यावर पाय आपसूक दाबला जातो. त्यातून साकोली-लाखनीकडून चौपदरी रस्त्यावर तासभर वेगाने आलेल्याला ताशी ६०चा वेगही रांगल्यासारखा वाटतो. गावाची वेस आली, हे त्याला पाटी सांगते. रस्ता सांगतच नाही.

वळणांचे गणित तर याहून कठोर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात ताशी ६५ किमी वेगासाठी वळणाची त्रिज्या किमान १५५ मीटर लागते, १०० साठी ३६०. वेग दीडपट, त्रिज्या दुपटीहून अधिक! थांबण्यासाठी दिसायला हवे ते अंतरही ९० वरून १८० मीटरवर जाते. लांबलचक सरळ पट्ट्यानंतर अचानक येणारे आवळ वळण म्हणूनच घातक. सलग वळणांच्या रस्त्यावर चालक निदान सावध तरी असतो.

समृद्धी महामार्गाची आखणी ताशी १५० किमीची, मर्यादा १२०ची. तिथे प्रवेश नियंत्रित आहे, शिवाय दंड आणि कॅमेरे आहेत. भंडारा-तुमसर, भंडारा-पवनी रस्त्यांवर यातले काय आहे? तिथे सायकलवरची शाळकरी मुले आहेत, आणि धान कापणीनंतर मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या.

अपघात झाला की गावकरी गतिरोधक मागतात. मागणी रास्त आहे, पण नियमबाह्य उंचवटा रात्री दुचाकीस्वारालाच पाडतो. त्याऐवजी वेशीपासूनच लेन अरुंद करत आणावी, मध्ये बेट घालावे, शाळेसमोर पादचारी मार्ग उंचावून द्यावा. त्रिमूर्ती चौकाकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर पदपथाला जागा देण्याची संधीही आताच आहे. पुढचे डांबरीकरण होईल तेव्हा पट्टे नव्याने मारावेच लागतील. ते कुठे मारायचे, हे निविदा निघण्याआधी ठरवावे.